भुंग्याची गादी

भुंगा तिसऱ्यांदा पडला तो पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांमध्ये. दोन रांगांमधल्या वाटेवर पडला म्हणून निभावलं. हातभर इकडे सरकला असता तर एका आजोबांच्या टकलावर उतरला असता, आणि मग कसला समारंभ आणि कसलं काय. आजोबांनी वाकून त्याचा तुटका पंखा उचलला, रुमालाने पुसला आणि विचारलं, "कोणाचं खेळणं हे?" उत्तर द्यायला घरातलं कोणी पुढे झालं नाही. पुढे झाली ती धाकटी सून. मान खाली घालून पंखा घेतला, आजोबांची माफी मागितली आणि भुंग्याला पदराआड धरून बाहेर आली.

भुंगा म्हणजे त्यांचा कॅमेरावाला ड्रोन. त्याच्या गुणगुणण्यावरून हे नाव पडलं होतं. धंदा घरचाच. थोरले भाऊजी फोटो काढायचे आणि कामं ठरवायचे. धाकटीचा नवरा साउंडवाला. स्पीकर, माइक आणि वायरींची भेंडोळी यापलीकडे त्याला दुसरं जग नव्हतं. आणि आकाशातून चित्रीकरण करायचं ते धाकटीने. ती घरात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, दुकानात बसून अल्बम लावील. तिने पहिल्याच वर्षी ड्रोन उडवायला शिकून दाखवलं, आणि भाऊजींनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं की बाईचा हात आहे की काय आहे! कपाटसुद्धा एवढं स्थिर उभं राहत नाही.

आणि यंदाच्या हंगामात त्याच हाताची अब्रू गेली होती.

भुंग्याची पडायची रीत ठरलेली. सुरुवातीला शहाण्यासारखा सरळ वर जायचा. मग एका जागी थांब म्हटलं की थांबायचा नाही. हळूच घसरून गोल फिरायला लागायचा. आधी परातीएवढं रिंगण, मग खोलीएवढं, मग अंगणाएवढं. धाकटी सावरायला जावी तसा जास्तच बहकायचा आणि शेवटी झाडावर, खांबावर, नाही तर जमिनीवर जाऊन आपटायचा.

तिने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पंखे बदलले, उलटसुलट बसले नाहीत ना म्हणून पुन्हा काढून पुन्हा बसवले. मोटारी एकेक बोटाने फिरवून कानाशी धरून ऐकल्या. बॅटरी फुगली असेल म्हणून नवी आणली. आतली प्रणाली नव्याने भरली. दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. चालवणाऱ्याचं काही असेल तर बघा." हे तो भाऊजींच्या समोर म्हणाला, हा त्याचा आगाऊपणा.

बरं, घरामागच्या मैदानावर भुंगा कसा वागायचा? सोन्यासारखा. धाकटी त्याला बगलेत मारून चालत न्यायची, मैदानाच्या मधोमध उभी राहून उडवायची, आणि तो टांगलेल्या कंदिलासारखा एका जागी थांबायचा. पडायचा तो फक्त कामाच्या ठिकाणी, चार माणसांच्या देखत. मग घरातल्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण सासूबाई तिला बदाम भिजवून द्यायला लागल्या. नवरा म्हणाला, "अगं, होतं असं. माइक हातात घेतला की भल्याभल्यांची बोबडी वळते, मी रोज बघतो."

"माझी बोबडी वळत नाही हो," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला उचलून सगळ्यांच्या समोरून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत नेला. एक थेंब सांडला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही की ही बाई काय तपासते आहे. आणि तपासूनही तिच्या मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही, कारण पेला काही आकाशात नव्हता.

खुर्च्यांमधल्या त्या प्रकारानंतर भाऊजींनी सकाळच्या चहाला विषय काढला. माणूस वाईट नव्हता, फक्त काळजीने चिडका झाला होता.

"हे बघ, यंत्र मोडलं तर दुसरं येईल. पण उद्या कोणाच्या डोक्यात पडलं तर मी कोणाला तोंड दाखवू? तलावावरच्या होड्यांच्या शर्यतीचं काम आपल्याकडे आहे. काठावर मोठा पडदा लावणार आहेत, सगळी गर्दी त्यावर बघणार. मी बाहेरचा माणूस बोलावलाय."

धाकटीचा नवरा काहीतरी बोलायला गेला. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"भाऊजी, तुम्ही म्हणाला नसता तर मीच म्हणाले असते. का पडतो ते कळल्याशिवाय मी तो माणसांवर उडवणार नाही."

भाऊजी जरा वरमले. ती भांडेल असं धरून ते तयारीने बसले होते. "मग असं करू. तू भुंगा घेऊन ये. शर्यत सुरू व्हायच्या आत मला कारण सांगितलंस, आणि ते मला पटलं, तर तू उडव. नाही तर..." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दुकानातही माणूस लागतोच."

म्हणजे अल्बम. धाकटीने कप विसळायला घेतले आणि एका कपाचा कान तिच्या हातात आला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी बाहेरचा माणूस आला. काळा चष्मा, खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि हातात नवंकोरं, भुंग्याच्या दीडपट मोठं यंत्र. सगळे त्याला पाहुणा म्हणायला लागले. स्वभावाने मात्र गोड होता. भुंगा हातात घेऊन त्याने चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "वहिनी, किती निगुतीने ठेवलाय हो. माझा एवढा स्वच्छ नसतो."

सगळं सामान साउंडवाल्याच्या गाडीत भरलं जात होतं. गाडीत आधी जुळे चढले. जुळे म्हणजे त्याने याच हंगामात आणलेले दोन नवे स्पीकर, छातीएवढे उंच, चौघांनी उचलावेत असे. ते आडवे झोपवले की गाडी निम्मी भरायची. जुने स्पीकर होते तेव्हा भुंगा मागच्या सीटवर बसून जायचा. आता सीटच काढून टाकली होती, आणि भुंग्याची सोय नवऱ्याने मोठ्या हौसेने जुळ्यांपैकी एकाच्या पाठीवर केली होती. भुंगा पहिल्यांदा पडला तेव्हा त्याने तिथे स्पंज लावला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा जुनी दुलई कापून गादी शिवली. तिसऱ्यांदा पडल्यावर दोन पट्टे लावले, वाटेत धक्का म्हणून लागू नये. एवढी काळजी त्याने लग्नात बायकोचीही घेतली नव्हती, असं त्याची आई सगळ्यांना सांगायची.

"पाहुणे, तुमचं यंत्र द्या इकडे," तो म्हणाला. "दुसऱ्या जुळ्यावर ठेवतो. अंड्यासारखं नेतो बघा."

तलाव मोठा होता. काठावर गवत, त्यापुढे उथळ पाणी आणि एका बाजूला होड्या लागायचा लोखंडी धक्का. पडदा उभा राहिला, खुर्च्या भरल्या, मुलं खांद्यांवर चढली; जुळे तेवढे गाडीतून उतरवायचे बाकी होते. आयोजक बाई शिट्टी गळ्यात अडकवून इकडून तिकडे पळत होत्या. होड्या पलीकडच्या काठावरून सुटून अलीकडे यायच्या होत्या. शर्यतीला अजून अवकाश होता, म्हणून पाहुण्याने एकदा उडवून बघायचं ठरवलं. त्याच्या मोबाइलवर काहीतरी सूचना आली. त्याने गाडीच्या उघड्या दाराशीच यंत्र हातात धरून स्वतःभोवती गिरकी घेतली, मग यंत्राचं नाक खाली करून आणखी एक. होकायंत्र जुळवायची ती रीत. धाकटीही नेहमी तिथेच उभी राहून तसंच करायची, कारण तिथे सावली असायची.

ती खुर्च्यांच्या मागे उभी होती. भुंगा हातात, आणि डोक्यात नुसता भुसा. भाऊजींना काय सांगायचं ते काही सापडलं नव्हतं. खरं सांगायचं तर रडू आलं होतं, पण ते तिने नाकातच परतवलं.

पाहुण्याचं यंत्र वर गेलं. शहाण्यासारखं, सरळ. पडद्यावर तलाव दिसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्याने त्याला पाण्याच्या कडेवर थांबवलं.

ते थांबलं नाही.

हळूच घसरलं, आणि गोल फिरायला लागलं. परातीएवढं रिंगण. मग खोलीएवढं.

धाकटीने मान वर करून बघितलं. हे रिंगण तिच्या ओळखीचं होतं. झोपेतसुद्धा तिने ते बघितलं होतं. पण हे यंत्र तिचं नव्हतं, हात तिचा नव्हता, मोटारी, पंखे, बॅटरी, काही म्हणजे काही तिचं नव्हतं. आणि चाल मात्र तीच, मुलाने बापाची उचलावी तशी.

'माझा हात नाही,' तिच्या मनात आलं. 'माझा हात कधीच नव्हता.'

याचा आनंद करायला वेळ नव्हता. रिंगण अंगणाएवढं झालं होतं आणि त्याची एक कड आता पुढच्या खुर्च्यांवरून जात होती. पाहुणा डावीकडे दाबत होता तर यंत्र भलतीकडेच जात होतं. लोक आधी हसले, मग माना खाली घालायला लागले. भाऊजी हात वर करून "उठा, उठा, मागे व्हा!" असं ओरडत धावले.

धाकटीने भुंगा गवतात ठेवला आणि पाहुण्याकडे पळाली. "आपोआप चालणं बंद करा! मागचं बटण! हाताने उडवा!"

ते बटण त्या यंत्रालाही होतं. ते सरकवलं की यंत्र उपग्रहाचं आणि होकायंत्राचं ऐकणं सोडतं आणि फक्त माणसाच्या बोटांचं ऐकतं. पण मग वाऱ्यालाही तोंड आपणच द्यायचं असतं. म्हणून कोणी ते वापरत नाही. धाकटीने भुंगा दुसऱ्यांदा पडल्यापासून ते मैदानावर रोज वापरलं होतं, हातावर कोणी बोट ठेवू नये म्हणून; माणसांवर मात्र तसं धाडस केलं नव्हतं.

"मी तसं कधी..." पाहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वहिनी, घ्या. तुम्ही घ्या."

तिने रिमोट घेतला. बटण सरकवलं. यंत्राने एक हेलकावा खाल्ला, आणि वाऱ्याने त्याला थेट गर्दीकडे ढकललं. बायकांचा एकच आवाज उठला. धाकटीने ओठ दाताखाली धरला, बोटभर मागे, बोटभर उजवीकडे, पुन्हा मागे. ते खुर्च्यांवरून सरकत पाण्याच्या कडेशी आलं, तिथे जरा डुललं आणि गवतावर असं उतरलं की खालची पाती वाकली तेवढीच.

पंखे थांबले. मग टाळ्या झाल्या, आणि त्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या. सगळं गाव म्हणावं एवढी माणसं बघत होती. धाकटीने आपल्या हातांकडे बघितलं. थरथर औषधालाही नव्हती.

भाऊजी धापा टाकत आले. "कोणाला लागलं नाही ना? काय झालं काय ह्याला? नवं यंत्र, जाणता माणूस..."

"भाऊजी, थांबा जरा. आता बोलू नका." आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना असं म्हणाली, आणि तेही थांबले. "माझा भुंगा आणि ह्यांचं यंत्र. दोन्ही वेगळी, उडवणारे वेगळे. मग दोघांत सारखं काय आहे? मैदानावर मी चालत जाते, तिथे भुंगा पडत नाही. कामाला आपण गाडीतून..." ती बोलता बोलता गाडीकडे वळली. उघड्या दारातून जुळे दिसत होते, एकाच्या पाठीवर दुलईची गादी, पट्टे लोंबत होते.

"अहो," तिने नवऱ्याला विचारलं, "तुमच्या स्पीकरच्या पोटात असतं काय?"

"काय म्हणजे? कागदाचा पडदा, तारेचं वेटोळं, आणि मागे चुंबक. ह्यांचं चुंबक तर एवढं आहे, की माझा पाना एकदा चिकटला तर..." एवढं बोलून त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

धाकटीने मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि तो भाऊजींच्या हातात दिला. "तलावाकडे बघत उभे राहा. उत्तर दिशा कुठे आहे?" भाऊजींनी डावीकडे बोट केलं. "आता या इकडे. गादीवर ठेवा."

भाऊजींनी मोबाइल दुलईवर ठेवला. काटा एकदा दचकला, गर्रकन फिरला आणि सरळ जुळ्याच्या पोटाकडे बघत बसला. भाऊजींनी मोबाइल उचलला, काटा सुटला. पुन्हा ठेवला, पुन्हा फिरला. एखाद्या मुलासारखे ते चार वेळा ठेवत-उचलत राहिले.

"वाटभर हा त्या चुंबकावर झोपून येतो," धाकटी म्हणाली. "ह्याच्या अंगातले बारीक स्क्रूही चुंबकासारखे वागायला लागतात. दिशाच चुकते त्याची. वर मी शहाणी गाडीच्या सावलीत उभी राहून होकायंत्र जुळवायचे, म्हणजे चुकीची दिशाच घोकून घ्यायचे त्याच्याकडून. मग तो वर जाऊन वाट शोधत फिरतो बिचारा. तो हरवायचा, भाऊजी. म्हणून पडायचा."

नवरा गाडीच्या पायरीवर मटकन बसला. "म्हणजे मी... मी जेवढी गादी मऊ केली..."

"तेवढी माया केलीत," ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. हंगामभर दाबून ठेवलेलं हसू होतं ते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. "उठा आता. हंगामभर पाडलात, आज उडवायला मदत करा."

आयोजक बाई शिट्टी घट्ट धरून आल्या. "होड्या तयार आहेत. चित्र दिसणार आहे की नाही, एवढं सांगा."

भाऊजींनी पाहुण्याकडे बघितलं. पाहुण्याने चष्मा काढून दोन्ही हात पुढे केले. ते वाऱ्यावरच्या पानासारखे हलत होते. "माझे हात बघा दादा, आणि त्यांचे बघा. उगाच मला विचारू नका."

भाऊजी धाकटीकडे वळले. "मला कारण पटलंय," ते म्हणाले. "पण एवढं सांग, तुझी खात्री आहे?"

"करून घेते, मग सांगते."

तिने बांगड्या काढल्या, किल्ल्यांचा जुडगा काढला, केसातल्या पिना काढल्या आणि सगळं नवऱ्याच्या ओंजळीत दिलं. भुंगा छातीशी धरला. गाडीपासून लांब, लोखंडी धक्क्यापासून लांब, अशी जागा एकच होती. ती साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरली. तिथे उभी राहून तिने भुंग्याला घेऊन सावकाश गिरकी घेतली, मग त्याचं नाक खाली करून दुसरी. काठावरची मुलं खिदळली. केस मोकळे सुटलेले, पाय चिखलात, आणि बाई आपली पाण्यात गोल फिरते आहे. हसा म्हणावं.

मग तिने भुंग्याचं तोंड धक्क्याकडे केलं आणि मोबाइलवर बघितलं. नकाशातला बाणही धक्क्याकडेच होता. तिने भुंगा हातावरूनच पाण्यावर डोक्याएवढा उंच उडवला आणि रिमोटवरून दोन्ही अंगठे बाजूला घेतले.

भुंगा थांबला. वारा आला, तो जरासा कलला, पुन्हा जागेवर आला. परातीएवढं रिंगण नाही, बशीएवढंही नाही. भाऊजी काठावर उभे राहून श्वास रोखून बघत होते. बराच वेळ तसाच जाऊ दिला तिने. मग मान वर केली.

"आता खात्री आहे."

शिट्टी वाजली. भुंगा निघाला तो तलाव ओलांडूनच. पडद्यावर पलीकडचा काठ आला, होड्या आल्या, वल्ह्यांनी उडवलेलं पाणी आलं. गर्दीने आजवर ही शर्यत अलीकडून बघितली होती. लांबून ठिपके दिसायचे आणि शेवटी एकदम होड्या. आज त्यांना वल्हवणाऱ्यांचे दंड दिसत होते, एकाने गाणं धरलेलं कळत होतं, पिवळ्या होडीतला म्हातारा सुकाणूवर बसून सगळ्यांना शिव्या घालतो आहे हेसुद्धा ओठांवरून कळत होतं. जुळे काठावर उतरवून उभे केल्यावर साउंडवाल्याला तर चेवच चढला. माइकवरून तो एकेका होडीचं असं वर्णन करत होता की जणू स्वतःच वल्हं मारतो आहे.

शेवटच्या टप्प्यात पिवळी आणि निळी बरोबरीने आल्या. धक्क्यावर उभ्या असलेल्या पंचांना एक होडी दुसरीच्या आड जात होती. धाकटीने भुंग्याला पुढे काढलं आणि शेवटच्या दोरीच्या बरोबर माथ्यावर आणून उभं केलं. तिथे थांब, ती मनात म्हणाली. फक्त थांब.

भुंगा थांबला. खालून दोन होड्या शिरल्या, आणि सगळ्या तलावकाठाने एकाच वेळी पडद्यावर बघितलं: पिवळीचं नाक वीतभर पुढे होतं. पंचांनी माना वळवून पडदा बघितला आणि पिवळा झेंडा वर केला. आवाज असा उठला की जुळेही ऐकू येऊ नयेत.

धाकटीने भुंग्याला परत आणलं आणि आपल्याच हातावर उतरवून घेतलं. पाण्यातच उभी होती ती. तिला पुन्हा रडू आलं, पण आता ते परतवायची काही गरज नव्हती.

दिवस कलताना सामान भरायला घेतलं. जुळे चढले. पाहुणा आपलं यंत्र पोटाशी धरून मागे वायरींच्या ढिगावर जाऊन बसला. गादीकडे तो बघायलाही तयार नव्हता. नवऱ्याने भुंग्याला त्याच्या पेटीत ठेवलं, ती हातात घेतली आणि गोंधळून उभा राहिला. त्याला आता ती कुठे ठेवायचीही भीती वाटत होती.

भाऊजी पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी मनगटावरचं पोलादी घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या, कमरेच्या पट्ट्याकडे बघून जरा विचार केला आणि तोही काढला. सगळं धाकट्या भावाच्या हातात कोंबलं.

"दे इकडे ती पेटी."

गाडी निघाली. रस्ता खराब होता. निम्म्या वाटेवर धाकटीने मागून विचारलं, "भाऊजी, मांडीला रग लागली असेल. द्या माझ्याकडे."

"गप बस," भाऊजी म्हणाले. एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हाताने सैल झालेली पँट धरून ते ताठ बसले होते. "तू उडवतेस ना? मग धरायचं काम माझं."